मिश्री आधी, चेहरा नंतर

चोपडा तालुक्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी प्रश्न पाठवला आहे. वय ५८. शाळा सुटल्यापासून जो भेटतो तो विचारतो, ‘बाई, तब्येत बरी नाही का?’ तब्येत ठणठणीत आहे, बीपीची एक गोळी तेवढी चालू आहे. पण गालफडं हनुवटीच्या दोन्ही बाजूंना उतरली आहेत, पापण्या डोळ्यांवर आल्या आहेत, गळ्याला दोन उभ्या दोऱ्या दिसतात. पुण्याच्या मावसबहिणीने चेहरा उचलायला कातडीखाली ‘धागे’ घालून घेतले, ती म्हणते तूही घाल. मुलगा म्हणतो, करायचंच तर नीट फेसलिफ्ट, म्हणजे चेहरा उचलायची शस्त्रक्रिया, कर. यजमान म्हणतात, या वयात हे काय खूळ! चेहरा ओढल्यासारखा दिसेल का, किती वर्षं टिकेल, धोका किती, असं त्यांनी विचारलं आहे. आणि शेवटी जाता जाता मिश्रीबद्दल, म्हणजे दातांना लावायच्या भाजलेल्या तंबाखूबद्दल, एक ओळ: ‘सकाळी मिश्री लावायची सवय आहे, त्याने काही बिघडत नसावं.’

ताई, नमस्कार. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती शेवटचीच आहे. तिच्याकडे येतोच.

आधी यजमान ज्याला खूळ म्हणतात त्याबद्दल. जळगावात प्लास्टिक सर्जरी करून मला दोन तपं झाली. आमच्या भागात या कामाचा मोठा वाटा भाजलेल्यांचा, दुभंगलेल्या ओठांचा आणि मळणी यंत्रात गेलेल्या बोटांचा. चेहऱ्याचं म्हातारपण मागे सारायला येणारे थोडे. पण जे येतात ते खुळे नसतात. एक आजी समोर बसून एवढंच म्हणाल्या होत्या, ‘डागदर, मन्हा चेहरा मालेच वळखू येत नही.’ आतून धडधाकट असलेल्या माणसाचा चेहरा दमलेला दिसत असेल, तर ती तक्रार खरी आहे. मात्र तिशीतला चेहरा परत मागणाऱ्याला मी हात लावत नाही. तुम्ही तो मागितलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चेहरा उतरतो म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेकांना वाटतं, कातडी सैल होते. मग जास्तीची कापून उरलेली ताणली की झालं. पिंजाऱ्याने भरलेली जुनी गादी आठवा. वर खोळ, आत कापूस, आणि कापूस जागच्या जागी राहावा म्हणून ठिकठिकाणी घातलेले टाके. गादी वर्षानुवर्षं भिंतीला उभी ठेवली की काही टाके ढिले पडतात, कापूस खाली घसरतो आणि जिथला टाका अजून पक्का आहे तिथे येऊन अडतो, गोळा होतो. चेहऱ्यातही असेच टाके असतात. हाडापासून निघून थेट कातडीला धरून ठेवणारे तंतूंचे बंध ते. गालावरचे बंध सैल पडतात, पण हनुवटीच्या थोडं मागे जबड्याच्या हाडावर असलेला बंध घट्टच राहतो. वरची चरबी येऊन त्याच्यामागे थांबते, आणि तुम्ही ज्याला गालफडं म्हणता तो फुगवटा तयार होतो. आता गादीची नुसती खोळ ओढून शिवली तर कापूस वर जाईल का? खोळ तेवढी ताणेल, आणि काही महिन्यांत पुन्हा ढिली पडेल, कारण कातडीचा धर्मच ताणण्याचा आहे. बाळंतपणात पोट ताणतं ते याच धर्माने.

गेल्या शतकाच्या सुरुवातीपासून अनेक दशकं सर्जन मंडळी हेच करत होती. कानापुढून कातडी उचलायची, ओढायची, जास्तीची कापायची. ‘ओढल्यासारखा’ चेहरा ही त्या काळाची देणगी. १९७४ मध्ये स्वीडनचे टॉर्ड स्कूग यांनी कातडी आणि तिच्याखालचा थर असं दोन्ही एकत्र उचलून दाखवलं. १९७६ मध्ये मिट्झ आणि पेरोनी या दोन फ्रेंच सर्जनांनी त्या थराची शरीररचना नीट मांडली. त्याला आम्ही ‘स्मास’ म्हणतो. चरबीच्या खाली, चेहऱ्याच्या स्नायूंना गुंफून घेणारा हा चिवट पडदा कपाळाच्या बाजूपासून गळ्यापर्यंत एकसलग असतो. कातडीसारखा तो ताणत नाही. म्हणजे भार घ्यायचा तर याने घ्यावा, आणि कातडी वर नुसती पसरून ठेवावी. आजची जवळपास प्रत्येक चांगली फेसलिफ्ट याच एका गोष्टीवर उभी आहे.

हे मी पुस्तकात शिकलो होतो, तरी सुरुवातीच्या काळात एकदा घाई केली. बाईंचा चेहरा बारीक, कातडी पातळ. मला वाटलं, थोडंसंच तर आहे, खालच्या थराला दोन टाके पुरे, बाकी कातडी ओढू. महिन्याभरात त्या खूश होत्या. वर्षाने आल्या तेव्हा कानापुढचा व्रण बोटभर लांबीत रुंदावला होता आणि दोन्ही कानांच्या पाळ्या खाली ओढल्या जाऊन गालाला चिकटल्यासारख्या झाल्या होत्या. पाळीचा गोल खालचा भागच नाहीसा. त्यांनी तक्रार केली नाही. ‘झुबे आता नीट लोंबत नाहीत,’ एवढंच म्हणाल्या. पुन्हा शस्त्रक्रिया करून, भार खालच्या थरावर घेऊन पाळ्या मोकळ्या केल्या. तेव्हापासून कातडी शिवताना मी टाका घालण्याआधी चिमटा सोडून बघतो. कडा आपोआप शेजारी शेजारी बसल्या तरच शिवतो. त्यांना ओढून आणावं लागत असेल, तर मी जास्त कापलेलं असतं.

आता पद्धती. स्मास वर न्यायचा कसा, यावरून मतभेद खूप. सगळ्यात साधी पद्धत म्हणजे त्याला न कापता दुमडून टाके घालणं, जसं आपण सैल परकराला चुण घालतो. दुसरी, गालाच्या बाजूची एक तिरकी पट्टी कापून कडा जोडणं. हिला १९९७ मध्ये डॅनियल बेकर यांनी प्रसिद्धी दिली. बेल्जियमच्या टोनार्ड आणि व्हरपेल यांची पद्धत लहान छेदाची. कानापुढूनच वरच्या दिशेने दोऱ्याचे फासे टाकून थर उभा उचलायचा, कानामागे फारसं जायचं नाही. आणि सगळ्यात खोल ती ‘डीप प्लेन’. सॅम हॅमरा यांनी १९९० मध्ये तिचं वर्णन केलं. यात स्मासच्याही खाली शिरून ते बंध सोडवतात आणि कातडी, चरबी, स्मास असा सगळा जाड थर एकसंध वर नेतात. हिच्यात नाक आणि ओठांच्या बाजूची घडी चांगली हलते, कातडीचा रक्तपुरवठाही चांगला राहतो. पण चेहऱ्याच्या नसा तिथून हाकेच्या अंतरावर असतात.

मुलगा इंटरनेटवर ‘डीप प्लेनच करा’ असं वाचून येईल, हे मला आत्ताच दिसतंय. त्याला सांगा, १९९६ मध्ये अमेरिकेत प्रत्येक रुग्णाच्या एका गालावर साधी आणि दुसऱ्यावर जास्त खोल पद्धत करून तुलना केली होती. सहा महिन्यांनी आणि वर्षाने बघितलं तर दोन बाजूंत सांगण्याजोगा फरक नव्हता. पद्धत चेहरा बघून ठरते, आणि त्याहून जास्त, त्या सर्जनच्या हाताला कोणती रोजची आहे त्यावर. मी स्वतः जड, भरलेल्या गालांना थराखाली शिरतो आणि बारीक चेहऱ्यांना थर दुमडून भागवतो, कारण तिथे कापून टाकण्याइतकं मांसच नसतं.

दिशेचं मात्र सगळ्यांनी पाळावं. चेहरा खाली पडलेला असतो, तेव्हा तो वर न्यायचा, मागे नव्हे. कानाकडे आडवा ओढला की तोंड रुंद होतं आणि मोटारसायकलवर वाऱ्यात बसल्यासारखा चेहरा दिसतो. तुमची ओढल्याची भीती आहे ती बहुतेक याच चुकीची.

गळ्याच्या दोऱ्या म्हणजे प्लॅटिस्मा नावाच्या पातळ स्नायूच्या सुटलेल्या कडा. हनुवटीखाली तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन त्या मध्यभागी शिवतात, वर थोडी चरबी असेल तर काढतात. थोडीच. हावरटपणे काढली तर मधोमध खड्डा पडतो आणि तो भरून काढणं अवघड.

पण ताई, तुमच्या पत्रावरून मला वाटतं तुमचं खरं दुखणं डोळ्यांत आहे. लोक ‘बरं नाही का’ विचारतात ते गालफडं बघून नव्हे. बोलताना माणूस डोळ्यांकडे बघतो, आणि पापणी खाली आली की झोप न झालेली, रडून आलेली बाई दिसते. म्हणून एक गोष्ट आजच करा. आरशासमोर बसा, कपाळ अगदी सैल सोडा, समोर बघा. आता बोटाने भुवई हळूच वर उचला, हाडाच्या कडेपर्यंत. पापणी मोकळी झाली का? झाली, तर भुवई खाली आली आहे आणि पापणीची कातडी कापून उपयोग नाही. उलट भुवई आणखी खाली ओढली जाईल. भुवई जागेवरच आहे आणि तरी कातडीची घडी पापण्यांच्या केसांवर लोळते, तर पापणीची शस्त्रक्रिया. आणि घडी नाही, पण पापणीची कडाच बुबुळाच्या मध्यावर उतरली आहे, तर पापणी उचलणारा स्नायू सुटला आहे. ती तिसरीच शस्त्रक्रिया. या तीन गोष्टींची गल्लत झालेले रुग्ण मी दर वर्षी बघतो.

वरच्या पापणीची शस्त्रक्रिया जागेवर, तेवढाच भाग बधिर करणारी सुई देऊन होते, दोन्ही डोळ्यांना मिळून तासाभराचं काम. खुणा मात्र रुग्ण बसलेला असतानाच करायच्या. आडवं झालं की सगळंच मागे सरकतं आणि हिशोब चुकतो. घडीची रेष पापण्यांच्या केसांपासून साधारण आठ ते दहा मिलिमीटरवर. वरून किती काढायचं यापेक्षा किती ठेवायचं हे मोजतात: भुवईपासून पापणीच्या कडेपर्यंत निदान २० मिलिमीटर कातडी राहिलीच पाहिजे, नाहीतर रात्री डोळा पूर्ण मिटणार नाही. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर जातो, कोरडी झळ असते. अर्धा उघडा डोळा घेऊन त्या उन्हाळ्यात काय होईल विचार करा. डोळे चुरचुरतात का, वारा लागला की पाणी येतं का, हे सर्जनने विचारलंच पाहिजे. नाही विचारलं तर तुम्ही सांगा.

पाचोऱ्याकडचे एक आबा आले होते. सुनेने बळेच आणलं होतं. त्यांना सौंदर्याशी काही देणंघेणं नव्हतं. ट्रॅक्टर चालवताना वरच्या बाजूचं दिसत नाही म्हणून मान मागे टाकून चालवायचे. दिवसभर कपाळाच्या स्नायूने पापण्या उचलून धरायच्या, म्हणून कपाळावर नांगरटीसारख्या आठ्या आणि संध्याकाळी डोकेदुखी. पापण्यांची कातडी काढली आणि महिन्याभरात कपाळ आपोआप सैल पडलं, कारण त्याची ड्यूटी संपली. कपाळाला मी हातही लावला नव्हता.

खालच्या पापणीखालच्या पिशव्यांचं तंत्र बदललं आहे. पूर्वी ती चरबी काढून टाकत, आणि दहा वर्षांनी डोळे खोबणीत गेल्यासारखे दिसत. आता पापणीच्या आतल्या बाजूने, बाहेर व्रण न ठेवता, चरबीला खालच्या खळगीवर पसरवतात. आधी पापणीची ताकद बघायची: चिमटीत धरून पुढे ओढून सोडली की ती डोळा न मिचकावता जागेवर परत बसली पाहिजे. बसली नाही, तर आधी तिला बाहेरच्या कोपऱ्यात आवळावं लागतं, नाहीतर खालची पांढरी बाजू उघडी पडते. काळी वर्तुळं मात्र यातून जात नाहीत. तो रंग कातडीचा असतो.

दातांचं कुणीच विचारत नाही. गाल बसलेले, वरचा ओठ आत गेलेला, नाकाचं टोक खाली. बाई फेसलिफ्ट मागतात आणि तोंड उघडलं तर दाढा नाहीत. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, आणि त्यावरचं सगळं आत कोसळतं. आधी दंतवैद्याकडे जाऊन कवळी किंवा इम्प्लांट करा, मग माझ्याकडे या. दर दोन-चारांत एखादी बाई मग परत येतच नाही, आणि मला त्याचा आनंद असतो. तुमच्या मिश्रीने हिरड्यांचं काय केलं असेल, याचा अंदाज आहे मला.

जिथे नुसतं पडलेलं नाही, रिकामंही झालं आहे, कानशिलं आणि डोळ्याखालचा भाग, तिथे पोटाची किंवा मांडीची चरबी बारीक नळीने घेऊन, गाळून, थेंबाथेंबाने भरतात. तिच्यातला बराच भाग शरीर परत शोषून घेतं. किती टिकेल याची कुणी हमी दिली तर उठून या.

आता मावसबहिणीचे धागे. त्या दोऱ्याला गवताच्या कुसळासारखे उलटे काटे असतात. कुसळ जसं धोतरात एकाच दिशेने सरकतं, तसा धागा कातडीखालच्या चरबीत रुततो आणि ओढला की ती थोडी वर येते. नेहमी वापरले जाणारे धागे साधारण सहा-आठ महिन्यांत विरघळतात, आणि उचललेला चेहरा त्याच बेताने परत येतो. चाळिशीतल्या, थोडंसंच उतरलेल्या बारीक चेहऱ्याला ठीक. तुमच्या वर्णनाच्या चेहऱ्याला मी नाही म्हणेन. मावसबहिणीला आत्ता काही बोलू नका. दिवाळीत भेटल्यावर स्वतःच बघा.

आता मिश्री.

फेसलिफ्टमध्ये कातडी तिच्या मुळापासून उचलली जाते. खालून येणारं रक्त तुटतं, आणि मग ती फक्त कडेकडून येणाऱ्या बारीक वाहिन्यांवर जगते. कानामागचा तुकडा या रक्ताच्या वाटेवर सगळ्यात शेवटचा, पाटाच्या शेवटच्या वाफ्यासारखा. तंबाखूतलं निकोटिन या बारीक वाहिन्या आवळतं. शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी कानामागची कातडी निळी, मग काळी पडते, आणि ती गळून जखम भरायला दोन महिने लागतात. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कातडी मरण्याचा धोका इतरांच्या बारापट निघाला. तो सिगारेटींचा होता. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हिरडीतून निकोटिन रक्तात झटकन जातं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे सगळ्यांना माहीत आहे. मिश्रीला तर आपण व्यसनच समजत नाही, दात घासणं समजतो. पुण्याच्या ज्या वैद्याने इंग्रजी फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने बनवलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ज्याची हकीकत छापून आली, त्यालाही हे एवढं ठाऊक होतं: देठातून रक्त वाहतंय तोवर कातडी जगते.

म्हणून माझी अट अशी: शस्त्रक्रियेच्या निदान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर मिश्री, तपकीर, विडी, गुटखा सगळं बंद. निकोटिनचा चिकट पट्टा किंवा च्युइंगगमही नको, कारण निकोटिन तेच. मी लघवीची कोटिनिन तपासणी करून घेतो (कोटिनिन म्हणजे निकोटिनचा शरीरात उरणारा माग), आणि ती घेतोय हे आधी सांगतो. लोकांना अपमान वाटतो. वाटू दे.

दुसरं, बीपी. फेसलिफ्टनंतरची सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे कातडीखाली रक्त साठणं. बायकांत शंभरात दोन-तीन, पुरुषांत त्याहून बरीच जास्त, कारण दाढीच्या कातडीला रक्त जास्त. बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांत. एक गृहस्थ, एसटीतून निवृत्त झालेले, गोळी रोज घेतो म्हणाले आणि मी विश्वास ठेवला. रात्री दोन वाजता खोकल्याची उबळ आली. सिस्टरचा फोन: एक गाल दगडासारखा कडक, बीपी १९०. गेलो, टाके उघडले, वाटीभर गुठळ्या काढल्या, रक्तवाहिनी बांधली, परत शिवलं. सकाळी बायकोने सांगितलं, गोळ्या आठवड्यापासून संपलेल्या होत्या. चूक माझी, कागद बघायला हवा होता. आता पंधरा दिवसांच्या बीपीच्या नोंदी वहीत लिहून आणल्याशिवाय मी तारीख देत नाही. अॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती बंद करायची की नाही, हे तुमच्या फिजिशियनला विचारूनच. लसणाच्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सुलाही त्यांना दाखवा. घरचा लसूण खा.

तिसरी भीती नसांची. तळहाताचा खालचा भाग कानाच्या पाळीपाशी ठेवा आणि बोटं चेहऱ्यावर पसरा: अंगठा कानशिलाकडे, बाकीची डोळा, गाल, जबडा, गळ्याकडे. चेहऱ्याची हालचाल करणाऱ्या नसेच्या पाच फांद्या साधारण अशाच पसरतात, आणि त्या स्मासच्या खाली असतात. त्यांना कायमची इजा होण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी. तात्पुरता अशक्तपणा त्याहून जास्त वेळा येतो आणि आठवड्यांत, कधी महिन्यांत जातो. सगळ्यात जास्त वेळा दुखावते ती कानाला संवेदना देणारी नस. कानाची पाळी काही महिने बधिर असणं तर जवळजवळ ठरलेलंच. सराफ बाजारातून नुकतीच घेतलेली कुडी एका बाईंची रस्त्यात पडली, त्यांना कळलंच नाही. आणि बधिर कातडी भाजतेही न कळता. केस वाळवायचं यंत्र, चुलीची आच, खापरावरच्या पुरणपोळ्या, यांपासून पहिले तीन महिने लांब. नंतर लेकी-सुनांना करू द्या.

पाळीवरून आठवलं. आपल्याकडच्या बायकांच्या पाळ्या जड दागिन्यांनी लांब झालेल्या असतात, कधी भोक फाटून दोन तुकडे. फेसलिफ्टच्या वेळीच ते शिवून टाकता येतं. नवीन भोक मात्र किमान दोन महिन्यांनी, आणि जुन्या व्रणातून नव्हे, शेजारी.

शस्त्रक्रियेचा दिवस थोडक्यात. जागेवर सुई आणि झोपेचं औषध किंवा पूर्ण भूल. तीन ते पाच तास. आधी कातडीखाली अॅड्रेनलिन मिसळलेलं सलाईन भरतात, म्हणजे रक्त कमी जातं. छेद कानाच्या पुढच्या घडीतून, पाळीखालून मागे, केसांत. एक रात्र रुग्णालयात, दुसऱ्या दिवशी कातडीखालचं रक्त बाहेर नेणारी नळी काढून पट्टी हलकी. पुढचे टाके पाच ते सात दिवसांत, मागचे दहा-बारा दिवसांत. तिसऱ्या दिवशी आरशात बघून बहुतेक बायका रडतात. चेहरा सुजलेला, गळा जांभळा-पिवळा, दोन बाजू वेगवेगळ्या. मी आधीच सांगून ठेवतो की त्या दिवशी मला फोन करा, आरशाला नाही. तीन आठवड्यांत चार लोकांत जाता येतं, लग्नात मिरवायला दीड-दोन महिने धरा. मेंदी, कलप दीड महिना नाही. खरा निकाल सहा महिन्यांनी. आपल्या सावळ्या कातडीत व्रण काळे पडतात किंवा जाड होतात, म्हणून छातीवर किंवा खांद्यावर आधी कधी व्रण वाढला होता का ते आठवून ठेवा. याच कारणाने लेझरने कातडी सोलण्याच्या जाहिरातींपासून सावध. गोऱ्या कातडीवरचं तंत्र आपल्याकडे डाग सोडून जातं.

टिकतं किती? साधारण सात ते दहा वर्षं. घड्याळ थांबत नाही, काटे थोडे मागे सरकवल्यासारखं होतं. ६८ व्या वर्षी तुम्ही ६८ च्याच असाल, पण शस्त्रक्रिया न केलेल्या तुमच्यापेक्षा बऱ्या दिसाल.

वेळ कोणती? आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास नको. मुली माहेरी येतात, घर भरतं, तुम्ही आडवं पडून राहणार नाही हे मला माहीत आहे, आणि ऊन-घामाने जखमा चिघळतात. दिवाळीनंतर थंडी लागली की करा. कुणाकडे? एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला सर्जन. पापण्यांसाठी नेत्रतज्ज्ञांमधले पापणीचं काम करणारेही उत्तम. रात्री तुमच्या खोलीबाहेर कोण असेल, हे नक्की विचारा. वरची एसटीवाली गोष्ट त्यासाठीच सांगितली. पार्लरमध्ये ‘जेवणाच्या सुट्टीत फेसलिफ्ट’ अशी पाटी असेल तर पुढे चला. खर्चाचा आकडा मी न बघता सांगत नाही, शेत न बघता कुणी भाव सांगत नाही तसा. मेडिक्लेम सौंदर्यासाठी पैसे देत नाही. पापणीने नजर झाकली जाते असं तपासणीत निघालं तर पॉलिसीच्या अटी वाचून विचारणा करता येते.

माझं तुम्हाला सांगणं असं. सगळं एकदम करू नका. आधी फक्त वरच्या पापण्या. जागेवर सुई, संध्याकाळी घरी, आठवड्यात टाके बाहेर. तीन महिने जाऊ द्या. ‘तब्येत बरी नाही का’ विचारणारे गप्प झाले, आणि आरशात गालफडांकडे लक्ष जाईना, तर पैसे वाचले. तरीही खटकत असेल, तर पुढच्या हिवाळ्यात गाल आणि गळा. गालाच्या बाजूने स्मास वर, प्लॅटिस्मा मधोमध शिवून. धागे नाहीत, लेझर नाही. यजमानांना सोबत आणा, त्यांचे प्रश्न तुमच्यापेक्षा चांगले असतात.

येताना बीपीची वही, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एक जुना फोटो आणा. लग्नातला नको, चाळिशीतला. शाळेच्या ग्रुप फोटोतला चालेल. आणि मिश्रीची डबी बंद करून आठवडे मोजायला लागा. ती घरीच ठेवा, दाखवायला आणू नका.